सही करण्याआधी

टॉन्सिल्स काढायचे की ठेवायचे, हा प्रश्न एकदा घरात शिरला की पाहुण्यांना बोलायला दुसरा विषय लागत नाही. प्रत्येकाकडे एक भाचा असतोच. कुणाचा भाचा टॉन्सिल्स काढल्यावर चांगला अंगाने भरला, तर कुणाच्या भाच्याचा आवाज बसला तो बसलाच. एक जण सांगतो, लहानपणीच काढून मोकळे व्हा, मोठेपणी फार त्रास होतो. दुसरा सांगतो, देवानं दिलेल्या वस्तूला हात लावू नका. मे महिन्यात करू नका, उन्हात रक्त पातळ होतं. दिवाळीत करू नका, पोराचा सण जातो. सगळं ऐकून घ्यायचं ठरवलं तर पोराला मिसरूड फुटेपर्यंत मुहूर्त लागायचा नाही.

आमच्या घरात पोर म्हणजे लेक. पहिलीत होती. जळगावच्या हवेत घसा धरायला निमित्त लागत नाही. हिवाळ्यात पहाटेचा गारठा, दुपारी पुन्हा ऊन, कापसाच्या हंगामात जिनिंगकडून येणारी तूस आणि बाराही महिने धूळ. तिचं ठरलेलं असायचं. संध्याकाळी अंग कोमट, रात्री तापलेलं. घास तोंडात घेऊन बसायची, गिळायची नाही. एरवी शेवभाजीचा रस्सा चाटूनपुसून खाणारी पोर वरणभातसुद्धा बाजूला सारायची. मग दवाखाना, गुलाबी पातळ औषध, चार दिवसांत हुशारी, शाळा. आणि जरा निवांत झालो म्हणेपर्यंत पुन्हा कोमट अंग.

जळगावातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी जीभ दाबून टॉर्च मारला आणि आम्हालाही वाकून बघायला लावलं. दोन्ही बाजूंनी लालसर गोळे मधोमध येऊन जवळजवळ टेकलेले. ‘बरेच मोठे आहेत. पुढच्या सुट्टीत काढून टाकू,’ ते म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला हायसं वाटलं होतं. नीट आठवतं, भीती नव्हे, हायसंच. या रोजच्या तापमापकातून, रात्रीच्या मिठाच्या पट्ट्यांमधून आणि शाळेत द्यायच्या रजेच्या चिठ्ठ्यांमधून सुटायला एक तारीख मिळाली होती. पुढे या हायसं वाटण्याचाच मी जास्त विचार केला. कारण ते माझं होतं. लेकीला त्या दिवशी फक्त जीभ दाबणाऱ्या पट्टीचा राग आला होता.

माहेर धुळ्याचं. मायला फोनवर सांगितलं, तर पलीकडून क्षणभर काही नाही आणि मग अहिराणीत एकच प्रश्न, ‘काय वं, पोरले कापाले निंघनी का?’ सासूबाई रावेरकडच्या, त्यांची बोली निराळी, पण मत तेच. त्यांच्या लहानपणी गावात अंगठ्याला हळद-मीठ लावून पडजीभ दाबणारी एक बाई होती म्हणे, आणि सगळ्या पोरांचे घसे तिच्या अंगठ्याखालून गेलेले. याउलट माझ्या एका आत्याचे टॉन्सिल्स फार पूर्वी काढलेले. तिला विचारलं, कशासाठी काढले होते गं? ती म्हणाली, ‘कशासाठी म्हणजे? तेव्हा काढायचे.’

तिच्या या उत्तरात केवढा इतिहास आहे, ते नंतर वाचताना कळलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात युरोप-अमेरिकेत टॉन्सिल्स काढणं हे मुलांवरचं सगळ्यात नेहमीचं ऑपरेशन होतं. अंगात कुठे तरी दडून बसलेला जंतुसंसर्ग सगळ्या शरीराला पोखरतो, अशी समजूत तेव्हा जोरात होती, आणि दडायला टॉन्सिल्सइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. १९३४ साली अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्कच्या शाळांमधली अकरा वर्षांची एक हजार मुलं तपासून घेतली. ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच निघालेले होते. उरलेल्या ३८९ जणांना डॉक्टरांपुढे उभं केलं, त्यांनी १७४ जणांचे काढा म्हणून सांगितलं. ‘ठेवा’ म्हटलेली २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली, त्यांनी त्यांतल्या ९९ जणांना ऑपरेशन सुचवलं. त्यातूनही सुटलेली ११६ मुलं तिसऱ्यांदा दाखवली, तर आणखी ५१ जणांचे काढावेत असं ठरलं. हजारातली ६५ मुलं निभावली. दर खेपेला रांगेतल्या जवळजवळ निम्म्या मुलांकडे बोट दाखवलं गेलं. समोरच्या मुलाला आधीच्या डॉक्टरांनी ‘ठेवा’ म्हटलं आहे की नाही, याने काही फरक पडला नव्हता.

त्यानंतर चार वर्षांनी, १९३८ मध्ये, अ‍ॅलिसन ग्लोव्हर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांचे आकडे मांडले. एका भागात टॉन्सिल्स भराभर निघत होते आणि शेजारच्या भागात क्वचित. सधन घरांतली मुलं गरिबांच्या मुलांपेक्षा जास्त वेळा टेबलावर जात होती. हॉर्नसी नावाच्या गावात शाळांचा नवा वैद्यकीय अधिकारी आला आणि ऑपरेशनांचं प्रमाण एकदम कोसळलं, तरी मुलांचं काही बिघडल्याचं दिसलं नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात वेनबर्ग आणि गिटलसोन यांना हेच पुन्हा सापडलं. कुठे दहा हजारांमागे १३ ऑपरेशनं, कुठे १५१. घसे सगळीकडे सारखेच होते. फरक होता तो तिथल्या डॉक्टरांच्या सवयीचा.

म्हणजे आत्याचं उत्तर काही वेडगळ नव्हतं. तिच्या गळ्यातल्या गाठींचा निकाल तिच्या गळ्याने दिला नव्हता, काळाने दिला होता. आणि आता काळ उलटला आहे म्हणून ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांचा निकालही आपोआप शहाणपणाचा ठरत नाही, कारण तेही गळा न बघताच बोलत असतात.

दुसरं मत घ्यायचं ठरलं, ते धुळ्याला. जळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झालं, त्याआधी खानदेशात सरकारी मोठी तपासणी म्हटलं की धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज डोळ्यांपुढे यायचं, आणि जुन्या डॉक्टरांबद्दलचा भरवसाही माहेरच्या बाजूने जास्त. एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत नव्वदेक किलोमीटर. चौपदरीकरणाच्या धुळीतून जाताना लेक अर्धा रस्ता तोंड उघडं टाकून झोपली होती. या झोपेचा विषय पुढे येणार होता, पण त्या दिवशी गाडीत सगळे घशाबद्दलच बोलत होते.

तिथले डॉक्टर वयस्कर, शिकवण्याची सवय असलेले. टॉर्च त्यांनी शेवटी काढला. आधी विचारलं, ‘वर्षात किती वेळा?’

‘सारखंच चालू असतं, सर.’

‘सारखं म्हणजे किती, ताई?’

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ‘आईबापांना शेवटचे दोन ताप आठवतात आणि ते वर्षभर पसरतात. घरी जा, चिठ्ठ्या काढा, तारखा लावा. मग बोलू.’

त्यांनी सांगितलेला हिशेब जगभर वापरला जातो. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइज यांच्या १९८४ सालच्या अभ्यासातून तो रुळला. एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा खरोखर पिकलेला असेल, तर ऑपरेशनचा विचार रास्त. आणि ‘खरोखर’ म्हणजे नुसतं घसा दुखणं नव्हे. १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, टॉन्सिल्सवर पांढरे ठिपके, मानेतल्या गाठी सुजलेल्या किंवा घशाच्या स्रावात स्ट्रेप्टोकोकस जंतू सापडलेला, यांपैकी काही तरी हवं आणि ते कागदावर नोंदलेलं हवं. नाक वाहतंय, खोकला आहे, डोळे लाल आहेत, ते बहुतेक विषाणूंचं पडसं असतं. ते या हिशेबात धरायचं नाही. त्या अभ्यासात इतका गंभीर त्रास असलेल्या मुलांमध्येही फायदा मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत दिसला. आणि ज्यांचं ऑपरेशन केलं नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे घसेही पुढे कमी वेळा धरले.

पॅराडाइज यांचाच त्याआधीचा, १९७८ सालचा एक छोटा अभ्यास मला जास्त लागला. ज्यांच्या घरचे ‘घसा सारखाच धरतो’ असं सांगत होते, पण कागद काहीच नव्हता, अशी ६५ मुलं त्यांनी प्रत्यक्ष नजरेखाली ठेवली. सांगितल्याइतका त्रास खरोखर झालेली निघाली ११. बाकीचे आईबाप खोटं बोलत नव्हते. तापलेल्या पोराशेजारी जागून काढलेली रात्र मनात एकच रात्र म्हणून जमा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरी आल्यावर कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी जमिनीवर ओतली. आपल्याकडे घराची वैद्यकीय नोंद अशीच असते. मेडिकलची बिलं, दुमडलेल्या चिठ्ठ्या, कुणाचा तरी लघवीचा रिपोर्ट. शाळेच्या डायरीतल्या गैरहजेऱ्या त्याला जोडून बघितल्या. बराचसा माल पडशाचा निघाला. काही चिठ्ठ्यांवर ताप होता, पण घशाबद्दल अक्षर नाही. घशातल्या स्रावाची तपासणी तर एकदाही झालेली नव्हती, आणि आपल्याकडच्या दवाखान्यांत ती सहसा होतही नाही. समोर वीस पेशंट बसलेले असताना डॉक्टर अँटिबायोटिक लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. सगळं धरूनसुद्धा आकडा साताच्या आसपास जात नव्हता. ज्या कारणासाठी आम्ही तारीख ठरवायला निघालो होतो, ते कारण जमिनीवर पसरलेल्या कागदांत उभं राहीना.

‘आणि आकार?’ मी दुसऱ्या खेपेला विचारलं. ‘इतके मोठे आहेत ते?’

‘या वयात मोठेच असतात.’ टॉन्सिल्स ही प्रतिकारशक्तीच्या पेशींची गाठ. जिभेच्या मुळाशी, घशाच्या दोन्ही बाजूंना आणि नाकाच्या मागे अशा गाठींचं एक कडंच आहे, जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी ते १८८४ साली वर्णिलं. श्वासाबरोबर आणि घासाबरोबर जे जे आत येतं त्याची ओळख शरीराला इथे होते. लहान मुलांची ही ओळख करून घेण्याचीच वर्षं असतात, म्हणून गाठी फुगलेल्या राहतात आणि पौगंडावस्थेपर्यंत बहुतेकांच्या आपसूक आक्रसतात. पाहुण्यांपैकी एक जण या गाठींना वेशीवरचे पहारेकरी म्हणत असे. ठीक आहे, पण या वेशीला पहारेकरी पुष्कळ आहेत. दोघे गेले म्हणून गाव लुटलं जात नाही. २०१८ साली डेन्मार्कमधल्या जवळपास बारा लाख मुलांच्या नोंदी तपासून एक अभ्यास आला, त्यात टॉन्सिल्स काढलेल्यांना पुढच्या आयुष्यात श्वसनमार्गाचे आजार जास्त आढळले. पण मुळात जी मुलं आजारी पडतात त्यांचेच टॉन्सिल्स निघतात, त्यामुळे दोष ऑपरेशनचा की आधीच्या प्रकृतीचा, हे अशा नोंदींवरून पक्कं सांगता येत नाही. एवढं मात्र म्हणता येतं की ही गाठ निरुपयोगी नाही आणि विनाकारण काढायची नाही.

किती कापायचं हा प्रश्न फार जुना आहे. रोमन ग्रंथकार सेल्ससने पहिल्या शतकात टॉन्सिल्स बोटाने सोडवून काढायची रीत लिहून ठेवली. सुश्रुतसंहितेत टाळूच्या आजारांमध्ये तुंडिकेरी येते, तिला वैद्य टॉन्सिल्सच्या सुजेशी जोडतात. तिच्याच शेजारी वाढलेल्या पडजिभेची, गलशुंडिकेची, शस्त्रक्रिया सांगितली आहे. तिथे सुश्रुत बजावतो की जास्त कापलं तर रक्तस्रावाने रोगी दगावेल, कमी कापलं तर सूज राहील, लाळ गळेल, गुंगी येईल. कुठे थांबायचं हे सांगितल्यावाचून त्याने शस्त्र हातात दिलेलं नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दोनदा सांगितली. टॉन्सिल्स ठेवायचे ठरलं म्हणून घसा अंगावर काढायचा नाही. स्ट्रेप्टोकोकसने पिकलेला घसा अर्धवट सोडला, तर काही मुलांना त्यातून सांध्यांचा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका जास्त. मग तीन-तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. आपल्याकडे हा आजार अजून संपलेला नाही. दोन दिवसांत ताप उतरला की औषधाची बाटली फ्रिजच्या दारात विसरणारी घरं त्यांनी आयुष्यभर बघितली होती. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितलं असेल तर दहा दिवस.

उठता उठता त्यांनी विचारलं, ‘झोपते कशी?’

हा प्रश्न तोवर आम्हाला कुणीच विचारला नव्हता. ‘घोरते थोडी,’ नवरा म्हणाला. माय मागच्या खुर्चीवर होती, ती म्हणाली, ‘थोडी? माय वं! पोर झोपमा घोरस, ते शेजारले ऐकू येस.’ घरात त्याचं कौतुकच होतं. दमून आली की बापासारखी घोरते. डॉक्टरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा म्हणाले, पहाटेचा, दिवा लावून, छातीवरचं पांघरूण काढून.

तो व्हिडिओ मी काढला, आणि टॉर्चच्या उजेडात दिसलेल्या दोन गोळ्यांपेक्षा तो मला जास्त शिकवून गेला. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, कपाळावर घाम. श्वास घेताना छाती फुगण्याऐवजी बरगड्यांखाली खड्डा पडत होता. घोरणं चढत जायचं आणि मध्येच थांबायचं. पोट हलत राहायचं, पण आवाज नाही, हवा नाही. मग एक आचका, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं सुरू. ती रात्रभर कष्ट करत होती. सकाळी चिडचिड, वर्गात जांभया, गादी ओली होणं, टीव्हीचा आवाज वाढवणं, हाक मारली की ‘हं?’ म्हणणं, हे सगळं आम्ही वेगवेगळ्या खात्यांवर टाकलं होतं. काही हट्टीपणाच्या, काही लाडाच्या.

एक्स-रेमध्ये नाकामागची गाठ, अ‍ॅडिनॉइड, हवेच्या वाटेत चांगलीच पुढे आलेली दिसली. कानाच्या तपासणीत पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं आणि ऐकू कमी. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी १८६८ सालीच या गाठीचा आणि मुलांच्या ऐकू न येण्याचा, तोंडाने श्वास घेण्याचा संबंध दाखवून दिला होता. ती नाकामागे असल्याने तोंडात टॉर्च मारून दिसत नाही. आम्ही महिनोन्‌महिने दिसणाऱ्या गाठींवर वाद घालत होतो.

लगेच तारीख मात्र मिळाली नाही. आधी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा, काही महिने, आणि पुन्हा तपासणी. वाट बघणं म्हणजे काहीच न करणं, असं मला वाटत आलं होतं. प्रत्यक्षात त्याला ऑपरेशनपेक्षा जास्त शिस्त लागली. फवारा रोज, वहीत तारीख, आठवड्यातून एक रात्र जागून व्हिडिओ. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत झोपेत श्वास अडणाऱ्या पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचे दोन गट केले होते. एकाचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्यावर नुसतं लक्ष ठेवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सुधारून नेहमीसारखी आली. पण काहीही न कापलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची आली. एकाग्रतेच्या चाचण्यांत दोन गटांत फारसा फरक नव्हता. वागणं, झोप आणि रोजचं जगणं मात्र ऑपरेशन झालेल्यांचं जास्त सुधारलं. हे आकडे वाचून घरात दोन्ही बाजूंना बळ आलं. सासूबाई ४६ धरून बसल्या, नवरा ७९.

आकडा हजारांबद्दल बोलतो, आपल्याला एकीचं ठरवायचं असतं. आपली पोर त्या ४६ मध्ये आहे का, हे फक्त तिच्याकडे बघूनच कळणार होतं, आणि बघायला वेळ द्यावा लागणार होता. तो दिला. व्हिडिओतला बरगड्यांखालचा खड्डा भरला नाही. कान सुधारले नाहीत. तेव्हा ऑपरेशन ठरलं. ज्या घशासाठी निघालो होतो त्यासाठी नव्हे, झोपेसाठी आणि कानांसाठी.

तपासणीच्या त्या खेपांमध्ये सरकारी दवाखान्याचीही एक फेरी झाली. शेजारी शिरपूरकडची एक बाई बसली होती. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिच्या मुलाच्या शाळेत आलं होतं, त्यांनी घसा आणि कान बघून चिठ्ठी दिली होती. ऑपरेशनला तिची ना नव्हती. दुसरं मत, फवारा, महिन्यांचं निरीक्षण हे तिच्या गणितातच नव्हतं. ‘एकदाचं करी टाका,’ ती डॉक्टरांना म्हणाली, ‘पुन्हा पुन्हा रोज बुडस.’ वाट बघण्यालाही भाडं लागतं, एसटीचं आणि बुडालेल्या मजुरीचं. आम्ही शांतपणे विचार करू शकलो याचं श्रेय आमच्या शहाणपणाला कमी आणि महिन्याच्या पगाराला जास्त आहे.

लेकीला काय सांगायचं यावर घरात मतभेद झाला. आइसक्रीमचं आमिष सगळ्यांनाच सोपं वाटत होतं. भूलतज्ज्ञ बाईंनी ते मोडून काढलं. दुखणार आहे हे सांगा म्हणाल्या, नाही तर जागी झाल्यावर ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्यांनी सर्दी-खोकला नाही ना बघितलं, सहा तास पोट रिकामं ठेवायला सांगितलं आणि हलणारे दात मोजले, कारण तोंडातून काम करताना सैल दात श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पुढचा एक दात हलत होता. तो निघालाच तर तिच्याच हातात द्यायचा, अशी लेकीने अट घातली. मग विचारलं, गाठींचं काय करणार? त्या पण मला देणार का? त्या तपासायला पाठवतात म्हटल्यावर ती म्हणाली, ‘पण आहेत तर माझ्याच ना?’

संमतीपत्र माझ्यापुढे आलं तेव्हा हे वाक्य कानात होतं. छापील मराठीत सगळं लिहिलेलं होतं, भुलीचे धोके, रक्तस्राव, क्वचित पुन्हा टेबलावर घ्यावं लागणं. खाली ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना. आपल्या अंगाबद्दल माणूस वेडावाकडा निर्णय घेऊ शकतो, तो त्याचा हक्क. दुसऱ्याच्या अंगाबद्दल ती मुभा नाही. तिथे आपला कंटाळा, आपली जागरणं, चारचौघांत ‘काही केलं की नाही?’ या प्रश्नाची लाज, ही सगळी कारणं गुपचूप येऊन पोराच्या आजाराच्या रांगेत उभी राहतात. पहिल्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला वाटलेलं हायसं त्याच रांगेतलं होतं. ते कारण वजा करूनही काही उरतं का, एवढंच शोधायला आम्हाला इतके महिने लागले होते. उरत होतं, म्हणून सही केली.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तसंच असावं. बाहेरून टाका नाही, सगळं तोंडातून. त्यानंतरचे पंधरा दिवस मात्र लांब. दुखणं कानात जातं, हे आधी सांगितलेलं असल्याने घाबरलो नाही. टॉन्सिल्सच्या जागी पांढरा थर येतो, तो पू नव्हे, खपली. ती पाच ते दहा दिवसांत सुटते आणि तेव्हाच रक्त येण्याची भीती असते, म्हणून त्या दिवसांत धुळ्याला मायकडे जायचंही टाळलं. खानदेशी स्वयंपाकघराची खरी परीक्षा तेव्हा झाली. ठेचा नाही, फोडणी नाही, कळण्याची भाकरी नाही, भरीत तर नाहीच. बिनमिरचीचा दहीभात कालवताना सासूबाईंचा चेहरा आजारी माणसाहून वाईट.

घोरणं थांबलं. कानांतलं पाणी हळूहळू ओसरलं. गादी कोरडी राहायला लागली. घसा अजूनही वर्षातून एखादवेळ धरतो, सर्दी होते तशी होतेच, आणि प्रत्येक वेळी कुणी तरी ‘मग काढून काय उपयोग?’ म्हणतं. आणखी थांबलो असतो तर सगळं आपोआप झालं असतं का, हे कळायला मार्ग नाही. तीच पोर दोन वेळा वाढवता येत नाही.

आता ओळखीतलं कुणी विचारतं, काढू की नको? त्यांना मी माझ्या लेकीचं उदाहरण देत नाही, नाही तर मीही भाचा सांगणाऱ्यांत जमा. मी तारखा लिहायला सांगते, झोपेचा व्हिडिओ काढायला सांगते, आणि डॉक्टरांना ‘काढायचे का?’ऐवजी ‘कशासाठी काढायचे?’ विचारायला सांगते. उत्तर ‘मोठे आहेत’ असेल तर पुन्हा विचारा. उत्तर ‘तुम्हीच म्हणता ना सारखा ताप येतो’ असं असेल तर घरी जाऊन कागद काढा. जिथे श्वास अडतो आहे, कान जड झाले आहेत, घसा खरोखर पुन्हा पुन्हा पिकतो आहे, तिथे मात्र मुहूर्त बघत बसू नका.

आमची लेक मोठी होईल तेव्हा तिला हे ऑपरेशन धड आठवणारही नाही. आठवेल तो बहुधा दात, जो निघालाच नाही आणि पुढच्या महिन्यात शाळेत पडला. पण कधी तरी ती विचारील, माझे टॉन्सिल्स का काढले होते? ‘तेव्हा काढायचे’ असं उत्तर मला द्यावं लागणार नाही. वही आहे, तो पहाटेचा व्हिडिओ आहे, कानांचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट आहेत. हे बघून तिला कदाचित आमचं चुकलं असंही वाटेल. तो अधिकार तिचाच आहे, गाठी तिच्या होत्या. तिच्यापुढे ठेवायला आमच्याकडे एक कारण आहे, आणि ते तिच्यापासून सुरू होतं.